क्वांटम फिजिक्सचे विचित्र बेसिक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचं फिजिक्स दहावी-बारावीला सुटलं पण क्वांटमचं कुतूहल काही सुटत नाही, अशा सगळ्यांसाठी हे पान आहे. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवलेत, उत्तरं कुठे लांबलीत कुठे दोन ओळीत संपलीत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण खाली पुन्हा पुन्हा तिथेच यायचंय: क्वांटम विचित्र आहे, पण मोघम अजिबात नाही. कशाची शक्यता किती, हे ते आकड्यात सांगतं आणि प्रयोग केला की तो आकडा जुळतो.

क्वांटम म्हणजे काय, एका वाक्यात सांगा ना?

निसर्गातल्या काही गोष्टी हव्या तेवढ्या बारीक करून मिळत नाहीत, ठराविक मापाच्या तुकड्यांतच मिळतात, त्या तुकड्याला क्वांटम म्हणतात. प्रकाशाच्या तुकड्याचं नाव फोटॉन. पण सगळंच तुकड्यात असतं असं समजू नका हं, मोकळ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा कितीही असू शकते, तो अणूत अडकला की मगच ठराविक पायऱ्या येतात.

हे सगळं सुरू कुठून झालं?

तापलेल्या वस्तूपासून. लोखंड भट्टीत घातलं की आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळट पांढरं. कुठल्या तापमानाला कुठल्या रंगाचा किती प्रकाश निघणार याचं गणित एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शास्त्रज्ञ करत होते आणि जुन्या नियमांनी केलं तर उत्तर यायचं की अतिनील बाजूला अमर्याद ऊर्जा बाहेर पडायला हवी, जे उघडच चूक होतं. १४ डिसेंबर १९०० ला बर्लिनमध्ये मॅक्स प्लांकने तोडगा मांडला: ऊर्जेची देवाणघेवाण तुकड्यातुकड्यानेच होते असं धरायचं, आणि एका तुकड्याची ऊर्जा म्हणजे प्रकाशाची वारंवारता गुणिले एक स्थिरांक. हा प्लांकचा स्थिरांक भयंकर लहान आहे, ज्यूल-सेकंदात लिहायचा तर दशांश चिन्हानंतर ३३ शून्यं आणि मग ६६२६. प्लांकला स्वतःला ही नुसती गणिती युक्ती वाटत होती. १९०५ मध्ये आइनस्टाइनने म्हटलं की युक्ती नाही, प्रकाश खरंच असा तुकड्यांत असतो, त्यावरून त्याने फोटोइलेक्ट्रिक परिणाम (प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडणं) समजावला आणि १९२१ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं, सापेक्षतेसाठी नाही. मजा म्हणजे अमेरिकेत मिलिकनने हे चूक ठरवायला म्हणून वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १९१६ पर्यंत त्याच्याच आकड्यांनी आइनस्टाइनचं सूत्र बरोबर निघालं.

प्रकाश तुकड्यांत असतो तर दिवा तुटक तुटक का दिसत नाही?

तुकडे फार लहान आणि फार जास्त. हिरव्या दिव्यातून खरोखर एक वॉट प्रकाश बाहेर पडत असेल तर सेकंदाला २ च्या पुढे १८ शून्यं, त्याहूनही थोडे जास्तच फोटॉन निघतात.

उन्हात त्वचा रापते, हीटरसमोर कितीही बसलं तरी रापत नाही, याचा क्वांटमशी संबंध आहे का?

आहे, आणि थेट आहे. हीटरचे फोटॉन इन्फ्रारेड, एकेकाची ऊर्जा कमी. ते कितीही पडले तरी त्वचा गरम होईल, फार जवळ गेलात तर भाजेलही, पण डीएनएमधल्या रासायनिक बंधांशी छेडछाड करायची ताकद त्यातल्या एकाही फोटॉनमध्ये नाही. उन्हातल्या अतिनील फोटॉनमध्ये ती आहे. जुन्या हिशोबाने प्रकाश वाढवला की सगळंच वाढायला पाहिजे होतं, तसं होत नाही, कारण हे काम एकेका फोटॉनला एकट्याने करायचं असतं, चौघांनी मिळून वर्गणी काढता येत नाही (अतितीव्र लेझर सोडले तर).

घरी करून बघता येईल असं काही आहे का?

आहे, आणि मी प्रत्येकाला हे करायला सांगतो. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात की सुट्टे एलईडी काही रुपयांत मिळतात. लाल, पिवळा, हिरवा, निळा असे घ्या, पांढरा नको, कारण पांढरा म्हणजे आत निळाच असतो आणि वर पिवळा लेप. शक्यतो पारदर्शक आवरणाचे घ्या म्हणजे रंग वरच्या प्लॅस्टिकचा नाही याची खात्री राहते. सोबत नऊ व्होल्टची बॅटरी, एक किलोओहमचा रेझिस्टर, दहा किलोओहमचं पोटेन्शियोमीटर आणि साधा मल्टिमीटर. पोटेन्शियोमीटरची बाहेरची दोन टोकं बॅटरीला, मधल्या पायातून रेझिस्टर, मग एलईडी, आणि परत बॅटरीच्या निगेटिव्हला. रेझिस्टर विसरू नका नाहीतर एलईडी उडेल. खोलीत अंधार करा, नॉब शून्यावरून हळूहळू फिरवा आणि एलईडी जेमतेम मिणमिणला की त्याच्या दोन पायांमधले व्होल्ट लिहून घ्या.

लाल पावणेदोनच्या आसपास पेटतो, निळा अडीचच्या आसपास, बाकीचे मध्ये. लाल एलईडी पावणेदोन व्होल्टला पेटतो आणि त्याच व्होल्टला निळा ढिम्म, हे डोळ्यांनी बघण्यात जी गंमत आहे ती वाचून येत नाही. कारण सरळ आहे, आत प्रत्येक इलेक्ट्रॉन एक पायरी खाली उतरताना एक फोटॉन सोडतो, निळ्या फोटॉनला जास्त ऊर्जा लागते म्हणून पायरी उंच, म्हणून व्होल्ट जास्त. आता व्होल्टला रंगाच्या तरंगलांबीने गुणा, म्हणजे लाल असेल तर ६३० नॅनोमीटर, निळा असेल तर ४७०. गणिताने हा गुणाकार प्रत्येक रंगाला १२४० च्या आसपास यायला हवा, घरी थोडा कमीच येतो कारण खोलीतली उष्णता इलेक्ट्रॉनला जरा हातभार लावते आणि अंधारात डोळ्यांना अगदी फिका उजेडही दिसतो. पण प्लांकचा स्थिरांक याच १२४० मध्ये बसलेला आहे, म्हणजे एवढ्याशा सामानात तुम्ही तो घरच्या टेबलावर मोजला.

इलेक्ट्रॉन कण आहे की लहर?

आपल्या ओळखीचा कणही नाही आणि ओळखीची लहरही नाही. हे टाळाटाळीचं उत्तर वाटेल म्हणून प्रयोगच सांगतो. एका पडद्याला दोन अगदी बारीक फटी, मागे इलेक्ट्रॉन पडला की ठिपका उमटेल असा दुसरा पडदा. इलेक्ट्रॉन इतके सावकाश सोडायचे की एका वेळी यंत्रात एकच असेल. जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये याचे फोटो प्रसिद्ध केले (त्यात फटींच्या जागी विद्युतभारित बारीक तार होती आणि इलेक्ट्रॉन तिच्या डावीकडून किंवा उजवीकडून जाऊ शकत होता, तत्त्व तेच). सुरुवातीला दहा-बारा ठिपके दिसतात, कुठेही, कसेही. मग शेकड्याने, तरीही गोंधळच. काही हजार झाले की हळूच उभे पट्टे दिसायला लागतात, गर्दीचा, रिकामा, गर्दीचा, रिकामा.

आता बघा, प्रत्येक इलेक्ट्रॉन एकाच जागी एक ठिपका म्हणून पडला, अर्धा इथे अर्धा तिथे असं कधी झालं नाही. पण पट्टे दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्यावरच पडतात. यंत्रात दुसरा इलेक्ट्रॉन नव्हताच, मग तो मिसळला कोणात? तर एकाच इलेक्ट्रॉनच्या दोन्ही वाटांच्या लहरी एकमेकींत. ती लहर पाण्यासारख्या कुठल्या पदार्थाची नसते, तिच्यावरून शक्यता काढायची असते, आणि हा नियम मॅक्स बॉर्नने १९२६ मध्ये मांडला: लहरीच्या उंचीचा वर्ग म्हणजे तिथे सापडायची शक्यता. शक्यता नेहमी शून्य किंवा त्याहून जास्तच असते, पण लहर वर-खाली दोन्हीकडे असते म्हणून दोन लहरी एकमेकींना पुसून टाकू शकतात. एक वाट बंद केली तर ज्या जागी इलेक्ट्रॉन पडत होते, ती वाट उघडल्यावर त्याच जागी पडायचे थांबतात. सगळ्या क्वांटम फिजिक्समधलं हे एकच वाक्य लक्षात राहिलं तरी मला चालेल.

हे फक्त इलेक्ट्रॉनचं नाही बरं का. १९९९ मध्ये व्हिएन्नात ६० कार्बन अणूंच्या फुटबॉलसारख्या रेणूंनी हेच करून दाखवलं, आणि २०१९ मध्ये तिथेच जवळपास २००० अणूंच्या रेणूंनी.

मग क्रिकेटचा बॉल लहरीसारखा का वागत नाही?

वागतो, पण तरंगलांबी काढली तर दशांशानंतर ३३ शून्यं आणि मग १, इतके मीटर. एवढ्या बारीक फटी जगात कुठे नाहीत.

कोणी बघितलं की पट्टे गायब होतात म्हणतात, म्हणजे आपल्या मनाचा परिणाम होतो ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे म्हणून स्पष्ट लिहितो. इथे बघणं म्हणजे इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेने गेला याची नोंद जगात कुठेतरी उमटणं. नोंद डिटेक्टरमध्ये उमटो, वाटेत धडकलेल्या हवेच्या रेणूत उमटो किंवा एखाद्या फोटॉनमध्ये, पट्टे गेलेच. खोलीत कोणी नसलं, कोणी आकडे वाचले नाहीत तरी गेलेच. उलट डिटेक्टर बंद ठेवून दहा माणसं यंत्राकडे टक लावून बसली तरी पट्टे जागच्या जागी राहतात. १९६० च्या दशकात यूजीन विग्नरसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने जाणिवेचा विचार गांभीर्याने मांडला होता हे खरं, पण पुढे तो स्वतःच त्यापासून दूर गेला.

अनिश्चिततेचं तत्त्व म्हणजे आपली उपकरणं तेवढी चांगली नाहीत, असंच ना?

असंही नाही. हायझेनबर्गने १९२७ मध्ये सांगितलेलं तत्त्व उपकरणाबद्दल नाही, इलेक्ट्रॉनच्या अवस्थेबद्दल आहे. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी त्याच्या वेगावरून ठरते, म्हणून वेग पक्का म्हणजे तरंगलांबी पक्की, आणि पक्क्या तरंगलांबीची लहर दूरवर पसरलेली असते, तिची जागा कुठे दाखवणार? जागा पक्की करायची तर वेगवेगळ्या तरंगलांबीच्या पुष्कळ लहरी एकत्र आणाव्या लागतात, की वेग गेला हातचा. जागा आणि वेग दोन्ही एकदम पक्के असतील अशी अवस्थाच नसते.

आकडे घालून बघा. इलेक्ट्रॉन अणूएवढ्या जागेत कोंडला तर त्याच्या वेगातली अनिश्चितता सेकंदाला ५०० किलोमीटरच्या वर जाते. आणि १६० ग्रॅमच्या क्रिकेट बॉलची जागा एका मायक्रोमीटरपर्यंत अचूक माहीत असेल तर वेगातली किमान अनिश्चितता इतकी कमी की विश्वाच्या १३८० कोटी वर्षांच्या वयात बॉल जेमतेम एका अणूएवढा सरकेल. म्हणून अंपायरला या तत्त्वाची गरज पडत नाही.

शाळेत दाखवलेलं अणूचं चित्र, सूर्याभोवती ग्रह तसं, ते चूक आहे का?

ओळख म्हणून ठीक, पण तसा अणू टिकलाच नसता. गोल फिरणारा विद्युतभार प्रकाश सोडत राहतो, म्हणजे इलेक्ट्रॉनची ऊर्जा संपून तो सेकंदाच्या काही हजार कोटीव्या भागात केंद्रकात पडला असता. १९१३ मध्ये नील्स बोरने ठराविक कक्षा धरून हायड्रोजनच्या रंगरेषांचं (त्याच्या प्रकाशात दिसणाऱ्या ठराविक रंगांच्या रेषांचं) गणित बसवलं, पुढे १९२६ मध्ये श्रोडिंगरच्या समीकरणाने कक्षा गेल्या आणि पसरलेल्या लहरी आल्या. त्या लहरीला केंद्रकाजवळ आणखी आवळायला गेलं की वरच्या तत्त्वाने वेग वाढतो, ऊर्जा वाढते, म्हणून आवळण्याला मर्यादा येते. तुम्ही-आम्ही, हा मोबाईल, सह्याद्री, सगळं एका आकारात टिकून आहे ते यामुळे. अनिश्चितता म्हटलं की लोकांना काहीतरी कमी असल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात अणू उभा आहे तो तिच्या जिवावर.

अणू आतून रिकामा असतो तर हात टेबलातून आरपार का जात नाही?

रिकामा म्हणणंच चुकीचं आहे, इलेक्ट्रॉनच्या लहरीने ती जागा व्यापलेली असते. आणि पाउलीच्या १९२५ च्या नियमाप्रमाणे दोन इलेक्ट्रॉन तंतोतंत एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, म्हणून हाताचे आणि टेबलाचे इलेक्ट्रॉन एकमेकांच्या जागेत घुसायला गेले की त्यांना वरच्या, जास्त ऊर्जेच्या अवस्थांत जावं लागतं. ती ऊर्जा तुमच्या हातात नसते. घट्टपणा म्हणतो तो हाच.

स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरतो का?

नाही फिरत. फिरणाऱ्या गोष्टीसारखं चुंबकत्व आणि कोनीय संवेग त्याच्याकडे असतो इतकंच. १९२२ मध्ये फ्रँकफर्टला ओटो श्टेर्न आणि वाल्टर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत वेड्यावाकड्या चुंबकीय क्षेत्रातून सोडला. अणू म्हणजे बारीक लोहचुंबक धरले तर काचेवर वरपासून खालपर्यंत सलग पट्टा यायला पाहिजे होता, पण झोत मधोमध फाटला, एक भाग वर एक खाली, मध्ये काहीच नाही. चांदीचा थर सुरुवातीला इतका पातळ होता की दिसतच नव्हता, आणि श्टेर्न नंतर सांगायचा की त्याच्या स्वस्त सिगारमधल्या गंधकाने चांदी काळी पडली तेव्हा खुणा दिसल्या. कुठल्याही दिशेने मोजा, उत्तरं दोनच मिळतात.

ते श्रोडिंगरचं मांजर खरंच जिवंत आणि मेलेलं एकदम असतं का?

श्रोडिंगरने १९३५ मध्ये हे उदाहरण दिलं ते नेमकं या कल्पनेला आक्षेप म्हणून. पेटीत मांजर, किरणोत्सारी पदार्थ, तो फुटला तर विष सुटणार. समीकरण जसंच्या तसं मोठ्या वस्तूला लावलं तर मांजरही दोन्ही अवस्थांत म्हणावं लागतं, हे पटतंय का तुम्हाला, असा त्याचा प्रश्न होता. आजचं निम्मं उत्तर असं की मांजराला हवेचे रेणू, फोटॉन, स्वतःची उष्णता हे सगळं क्षणोक्षणी धडकत असतं, त्या प्रत्येकात नोंद उमटते, आणि पट्टे गायब होतात तसंच इथेही दोन शक्यतांचं मिसळणं डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी संपतं. याला डिकोहेरन्स म्हणतात. उरलेलं निम्मं, म्हणजे दोनातली एकच शक्यता आपल्या वाट्याला का येते, यावर अजून एकमत नाही. कोणी म्हणतं निवड खरंच होते, कोणी १९५७ च्या ह्यू एव्हरेटच्या मार्गाने म्हणतं दोन्ही शाखा चालू राहतात. आजवर झालेल्या प्रयोगांत दोघांचे आकडे सारखेच येतात, म्हणून 'समांतर विश्वं सिद्ध झाली' असा व्हिडिओ दिसला तर पुढे सरका.

एन्टँगलमेंट सोप्या भाषेत सांगा.

चपलांच्या जोडापासून सुरू करू. जोडातली एक चप्पल डोळे झाकून खोक्यात घालून नागपूरला पाठवली, दुसरी कोल्हापूरला. नागपूरवाल्याने खोकं उघडलं, डावी निघाली, त्याला तत्क्षणी कळलं की कोल्हापूरला उजवी आहे. यात गूढ काही नाही, कारण कुठली कुठे आहे हे आधीच ठरलेलं होतं. १९३५ मध्ये आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा सूर साधारण असाच होता, की क्वांटम जोड्यांमध्येही (ज्यांची उत्तरं एकमेकांशी बांधलेली असतात असे दोन कण, हेच एन्टँगलमेंट) काहीतरी आधीच ठरलेलं असणार, तुमचं शास्त्र अपुरं आहे म्हणून ते दिसत नाही.

१९६४ मध्ये जॉन बेलने दाखवलं की हे तपासता येतं, आणि त्याची एक सोपी रीत इथे देतोच, कागद-पेन घेऊन बसा. जोडीतला एकेक फोटॉन दोन गावांना गेला. दोन्हीकडे पोलरॉइड (ज्या कोनात धराल त्याप्रमाणे फोटॉन पार सोडणारी किंवा अडवणारी काच) आहे, ते ०, ६० किंवा १२० अंशांवर लावता येतं, कुठे लावायचं ते जो तो आयत्या वेळी ठरवतो. फोटॉन एकतर पार जातो किंवा अडतो. दोन्हीकडे कोन सारखा असेल तर उत्तर कायम सारखंच येतं. आता चपलांसारखं आधीच ठरलेलं असेल तर प्रत्येक फोटॉनकडे तीन कोनांसाठी तीन उत्तरं तयार पाहिजेत, आणि दोघांकडची यादी एकच पाहिजे. तीन उत्तरं आणि पर्याय फक्त दोन, पार किंवा अडला, म्हणजे यादीत निदान दोन उत्तरं तरी सारखी असणारच. म्हणून दोन गावांनी वेगवेगळे कोन लावले तेव्हासुद्धा तीनातून किमान एकदा उत्तरं जुळायला हवीत, ३३ टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाहीत, यादी कशीही बनवा.

क्वांटम म्हणतं २५ टक्के जुळतील.

१९७२ मध्ये जॉन क्लाउझर, १९८२ मध्ये अलँ आस्पे, नंतर अँटन झायलिंगर अशा अनेकांनी हे मोजलं (कोन आणि मांडणी थोडी वेगळी, तर्क हाच), पळवाटा एकेक करून बंद केल्या, २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावर मुख्य पळवाटा एकाच प्रयोगात बंद झाल्या. दर वेळी क्वांटमचाच आकडा आला. या तिघांना २०२२ चं नोबेल मिळालं. आधीपासून ठरलेली उत्तरं घेऊन फोटॉन निघतात आणि एका गावचा परिणाम दुसऱ्या गावी पोचत नाही, या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत. मला हा मानवी विचाराचा फार मोठा विजय वाटतो, जे प्रश्न तत्त्वज्ञानाचे वाटत होते ते टक्केवारीवर आणून सोडवले.

मग याने प्रकाशापेक्षा वेगाने मेसेज पाठवता येईल?

येणार नाही. नागपूरवाल्याला त्याच्या बाजूला नुसती पार-अडला-अडला-पार अशी अस्ताव्यस्त रांग दिसते, कोल्हापूरवाल्याने काहीही केलं तरी ती तशीच अस्ताव्यस्त राहते. जुळणी कळते ती दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर, आणि यादी फोनने किंवा ईमेलनेच पाठवावी लागते. टेलिपोर्टेशनलाही हीच अट लागू, शिवाय त्यात वस्तू जात नाही, तिची अवस्था जाते.

टनेलिंग म्हणजे भिंतीतून आरपार जाणं का?

ऊर्जेच्या भिंतीतून, हो. लहर अडथळ्यात शिरल्यावर एकदम शून्य होत नाही, भराभर बारीक होत जाते, अडथळा पातळ असेल तर पलीकडे थोडी उरते आणि तेवढी शक्यता असते. सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश आहे तरी प्रोटॉनना एकमेकांजवळ यायला ते पुरेसं नाही, टनेलिंग नसतं तर सूर्य असा तळपलाच नसता. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये फाइल सेव्ह होते तेव्हाही इलेक्ट्रॉन काही नॅनोमीटर जाडीच्या इन्सुलेटरमधून टनेल होऊन आत जाऊन बसतात, म्हणून केबल काढल्यावर फोटो टिकतात. २०२५ चं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं ते हातात धरता येईल एवढ्या सर्किटमध्ये हेच दाखवल्याबद्दल.

आपल्या उपनिषदांत हे सगळं आधीच होतं म्हणतात, खरं का?

श्रोडिंगरला वेदान्ताची मनापासून ओढ होती आणि त्याने त्यावर लिहिलंय, हे खरं आहे. पण त्याचं समीकरण द ब्रॉयच्या पदार्थलहरींच्या कल्पनेतून आलं आणि हायड्रोजनच्या रंगरेषांच्या आकड्यांवर तपासलं गेलं. उपनिषदं वाचावीत ती त्यांच्या स्वतःच्या प्रश्नांसाठी, ते प्रश्न मोठे आहेत, त्यांना फिजिक्सच्या सर्टिफिकेटची गरज नाही.

आणि अभिमानच वाटायचा असेल तर सत्येंद्रनाथ बोसांचा वाटू द्या. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी प्लांकचं सूत्र नव्याने सिद्ध केलं. कळीचा मुद्दा असा की फोटॉन एकमेकांपासून ओळखू येतच नाहीत. दोन फोटॉन दोन अवस्थांत वाटायचे तर नेहमीच्या हिशोबाने चार प्रकार होतात, बोसांच्या हिशोबाने तीनच, कारण हा इथे-तो तिथे आणि तो इथे-हा तिथे यात फरकच नाही. लेख त्यांनी आइनस्टाइनला पाठवला, आइनस्टाइनने स्वतः जर्मन भाषांतर करून छापून आणला. त्या हिशोबाने वागणाऱ्या कणांना आज जगभर बोसॉन म्हणतात. त्यावरून वर्तवलेली पदार्थाची नवी अवस्था प्रत्यक्ष दिसायला १९९५ उजाडलं, रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसच्या आसपास) वर एका अंशाच्या कोट्यवधीव्या भागांपर्यंत गार करावे लागले.

क्वांटम हीलिंग, क्वांटम पेंडंट, क्वांटम पाणी, याने फायदा होतो का?

नाही, पैसे देऊ नका. तुमचा विचार दूरच्या गोष्टी खेचून आणतो असं क्वांटमचं कुठलंही समीकरण सांगत नाही. शरीरासारख्या उबदार, ओल्या, सतत धडकाधडकी चाललेल्या जागी ती नाजूक मिसळण टिकवणंच महाकठीण असतं. नुकसान फक्त पैशांचंच होतं असंही नाही, २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा संस्थेने ५जी पासून वाचवतं म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेंडंटमधूनच किरणोत्सर्ग होतोय असा इशारा दिला होता. आणि आजार असताना औषध थांबवून कोणी अशा उपचाराकडे वळत असेल तर कृपा करून त्याला थांबवा.

क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम तपासतो ना?

ही अर्धवट गोष्ट फार पसरलीय. मोजलं की उत्तर एकच मिळतं, आणि नुसतं सगळं मिसळून मोजलं तर ते कुठलंही मिळेल. खरी कला अशी की लहरी अशा मिसळायच्या की चुकीच्या उत्तरांच्या एकमेकींना पुसतील आणि बरोबरच्या वाढतील, म्हणजे ते दोन फटींचे पट्टेच. हे थोड्याच प्रश्नांना जमतं, त्यातला गाजलेला म्हणजे मोठ्या संख्येचे अवयव पाडणं, पीटर शोरने १९९४ मध्ये रीत दिली. एक्सेल याने जलद चालणार नाही. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलंय, त्यातलं सेन्सिंगचं (अतिसूक्ष्म मोजमापाचं) केंद्र पवईच्या आयआयटीत आहे, आणि पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचा हब आहे, म्हणजे मराठी मुलांना हे काम बघायला फार लांब जायला नको.

इतकं विचित्र आहे तर उद्या हे सगळं चुकीचं ठरलं तर?

सुधारणा होऊ शकते, प्रत्येक शास्त्रात होते. पण इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व गणिताने काढलं आणि प्रयोगाने मोजलं तर साधारण एक लाख कोटीत एक इतक्या अचूकतेपर्यंत दोन्ही जुळतात. पुढचा सिद्धांत जो कोणता येईल त्याला हे सगळे आकडे तसेच्या तसे द्यावे लागतील, फटींचे पट्टे आणि २५ टक्के धरून.

खरंच शिकायचं असेल तर गणित किती लागतं?

वाटतं त्यापेक्षा कमी. अकरावी-बारावीचे कॉम्प्लेक्स नंबर आणि मॅट्रिक्स पक्के करा, शक्यतेचा धडा परत वाचा. मग हायड्रोजनपासून सुरुवात न करता स्पिनपासून करा, कारण तिथे उत्तरं दोनच असतात आणि दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सवर सगळं मावतं, श्टेर्न-गेरलाख, एन्टँगलमेंट, बेल, क्वांटम कॉम्प्युटरचा क्यूबिट (त्याचा माहितीचा सर्वात लहान तुकडा), सगळं. पोलरॉइडचं गणितही तेच. हायड्रोजनचं समीकरण नंतर घ्या, ते सोडवायला पानंच्या पानं लागतात आणि त्यातला दमवणारा बराचसा भाग त्रिमितीतलं कॅल्क्युलस असतं, क्वांटम त्यात थोडंच असतं.